पेन्सिलीचा गोल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय व्हायोलिनवादन आणि व्हायोलिनशिक्षण, दोन्हींतून निवृत्त, असे लिहून ठेवतो की हा मजकूर लिहिताना माझी शुद्ध जागेवर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि मी कोणाची भीडही धरलेली नाही. डॉक्टरांनी परवा माझी परीक्षा घेतली. आज वार कोणता, आपण कुठे बसलो आहोत, आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली या. मी ठोक्यात खाली आलो, प्रत्येक आकड्याला एक सेकंद. डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे." ते तर मला आधीच माहीत होते. हृदयाचे मात्र त्यांनी सांगितले की ते फार दिवस ताल धरणार नाही.

जे लिहितो आहे ते विचार करून लिहितो आहे. मी आयुष्यात काहीच विचार केल्याशिवाय केलेले नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. वकील म्हणाले, रोज जेवढे लिहून होईल तेवढ्या पानांवर सही करत चला. मी म्हटले, सही शेवटी, साक्षीदारांसमोर, सगळ्या पानांवर एका दमात करीन. बँकेतली बाई माझी सही न पाहता शिक्का मारते. पन्नास वर्षांत त्यातली एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नाही. खरे म्हणजे सही हीच एक गोष्ट मी हाताकडे न बघता करतो.

कलम पहिले. राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचा सज्जा, हे माझ्यामागे माझ्या पत्नीने तहहयात वापरावे आणि तिच्यामागे मुलाने घ्यावे. बँकेतले जे असेल ते पत्नीचे. आकडे पासबुकात आहेत, ते इथे उगाळत बसत नाही. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने माझ्या सकाळच्या घरच्या शिकवण्यांच्या वेळी तीस वर्षे काठीने छत ठोकले. त्यांना माझ्या तालमीच्या खोलीतली जाड सतरंजी द्यावी. त्यांचे ठोके कधीच तालात नव्हते, हेही त्यांना सांगावे.

कलम दुसरे. मुलाला मेट्रोनोम द्यावा, म्हणजे ते ठोके देणारे लाकडी यंत्र. तो नऊ वर्षांचा असताना मी त्याला नियम घातला होता की प्रत्येक स्वर वाजवण्याआधी बोटाचा आकडा मोठ्याने म्हणायचा. एक, तीन, दोन, चार. वर्षभर त्याने म्हटले. मग एके दिवशी संपूर्ण धडा आकड्यांत म्हणून त्याने व्हायोलिन खाली ठेवले आणि म्हणाला, "बाबा, म्हणून तर झालं सगळं. आता वाजवायची काय गरज?" मी पेटी बंद केली आणि त्याला सांगितले की तुझ्या हातात बोटे नाहीत, पाचरी आहेत. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. महिन्यातून एकदा फोन करतो आणि आईशी बोलतो. मला फोन दिला की म्हणतो, "तब्येत सांभाळा." मेट्रोनोमची किल्ली मी गेल्या वर्षी हरवली आहे. यंत्रांचे त्याला कळते, तो करील काहीतरी.

कलम तिसरे. माझ्या सर्व पेन्सिली, रबरे, टोकयंत्र आणि खुणा केलेली चाळीस वर्षांची स्वरलिपीची पाने माझ्या जुन्या विद्यार्थ्याला द्यावीत. वर्गातली मुले त्याला होयबा म्हणत आणि ते नाव त्याला शोभते. बावीस वर्षांत त्याने मला एकदाही 'का' असे विचारले नाही. त्याच्या हातून स्वर चुकत नाही. त्याचे वादन चालू असताना मी सुखाने झोपू शकतो, आणि झोपलोही आहे. मुले मला पाठीमागे पेन्सिलमास्तर म्हणत हे मला त्यानेच येऊन सांगितले. सांगताना त्याला फार दुःख झाले होते.

कलम चौथे. वाद्यवृंदाच्या संचालकांबरोबरचा माझा फोटो भिंतीवरून काढून जाळावा. संचालक पंधरा वर्षांपूर्वी गेले. मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांसमोर हार घालून ते म्हणाले होते, "हा माणूस एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही." टाळ्या झाल्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आणि एकदाही आठवला नाही." चौकटीची काच चांगली आहे, ती काढून ठेवावी.

कलम पाचवे. हे कलम माझ्या पत्नीच्या व्हायोलिनबद्दल आहे आणि ते लिहिण्यासाठीच बाकीचे लिहिले.

हे व्हायोलिन तालमीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे. मूळचे ते तिचे. तिने वाजवणे सोडले तेव्हा ते दुरुस्तीवाल्याच्या दुकानात विकायला ठेवले होते. मी ते विकत घेतले. पावती माझ्या नावावर आहे, ती सोबत टाचली आहे. घरी आणून मी कपाटात ठेवले आणि किल्ली माझ्या जुडग्यात घातली. ती म्हणाली, "मग विकलं काय नि न विकलं काय." मी म्हटले, घरातली वस्तू घरात राहिली.

आता मागचे सांगणे भाग आहे. वाद्यवृंदात दोन-दोन वादकांना मिळून एक स्टँड असतो, त्यावर एकच पान. प्रेक्षकांकडे बसतो तो बाहेरचा, त्याने फक्त वाजवायचे. आत बसतो त्याने वाजवायचेही, पान उलटायचेही, आणि पेन्सिलीने खुणा करायच्याही, दोघांच्या वतीने. मी सात वर्षे तिसऱ्या स्टँडवर आतल्या खुर्चीत होतो. माझ्या बाहेरच्या खुर्चीत तेवीस वर्षांची एक मुलगी आणून बसवली. वाचायला कच्ची. पान बघायचीच नाही, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघायची. एकदा ऐकले की तिच्या हातात यायचे.

पहिल्या आठवड्यात वाजवायच्या एका तुकड्यात एक मोठी उडी होती. डावा हात खालून एकदम वर न्यायचा, मध्ये आधार काही नाही, आणि नेमक्या जागी बोट टेकायचे. मी त्या एका उडीसाठी सहा दिवस मोजमाप केले होते. हिने ती पहिल्या झटक्यात घेतली, तेही कोणाच्या तरी चादरीकडे बघत. मी मध्यंतरात विचारले, "तुला ती जागा सापडते कशी?"

ती म्हणाली, "सापडते म्हणजे? ती तिथेच असते ना."

मला ते वाक्य अजून झोपू देत नाही. ती ते हसून बोलली होती, चिडवायला नव्हे. म्हणून तर ते जास्त झोंबले.

तिसऱ्या वर्षी पहिल्या खुर्चीची जागा रिकामी झाली. परीक्षा लागली. त्याच तुकड्यातला एकट्याने वाजवायचा भाग होता, त्यात तीच उडी, सातव्या ओळीत. संचालकांनी आधीच बोलून टाकले होते की ही मुलगी असताना परीक्षा कसली घ्यायची. आमच्या स्टँडचेच पान ती परीक्षेला घेऊन जाणार होती. आमच्याकडे एक रीत होती. बोटांचे आकडे वगैरे आपले आपण लिहायचे ते मोकळे लिहायचे. संचालकांनी सूचना दिली की ती लिहून तिच्याभोवती गोल काढायचा. गोल म्हणजे संचालकांचा शब्द, तो पाळायचाच. परीक्षेच्या दोन दिवस आधी ती तापाने तालमीला आली नव्हती. त्या दिवशी माझ्या हातून सातव्या ओळीवर दोन शब्द लिहिले गेले, 'अंगठा पाहा', आणि त्याभोवती गोल निघाला. सहज. हाताने केले, डोक्याला पत्ता नव्हता.

परीक्षेत ती सातव्या ओळीपर्यंत आली. पान बघणारी नव्हती, पण परीक्षा होती, म्हणून बघत होती. तिने अंगठ्याकडे पाहिले. व्हायोलिन धरताना डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या मागे असतो, तो बघायचा तर मान तिरकी करावी लागते. तिने केली. बोट खाली पडले, अर्ध्या स्वराने. "माफ करा, पुन्हा घेते," म्हणाली. पुन्हा अंगठ्याकडे पाहिले. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तिने हात वर नेलाच नाही. व्हायोलिन काखेत धरून उभी राहिली आणि आपल्या हाताकडे असे बघत होती की हा हात कोणाचा. जागा बाहेरून आलेल्या एका जाड्या माणसाला मिळाली. मला मिळाली असे कोणी समजू नये, मी अर्जच केला नव्हता.

मी तिला म्हटले, मी शिकवतो, पहिल्यापासून घेऊ. दहा महिन्यांनी आमचे लग्न झाले. मी तिला दोन वर्षे रोज सकाळी अंगठ्याचे धडे दिले. अंगठा इथे, अंगठा तिथे, आता का हलला, आता का नाही हलला. दोन वर्षांनी तिने पेटी उचलली आणि दुकानात नेऊन ठेवली. ते मी वर लिहिलेच आहे.

तर हे व्हायोलिन मी माझ्या पत्नीला देतो. सोबत ते पान द्यावे. ते लाल फडक्यात बांधून ठेवले आहे. हे दोन शब्द संचालकांचे आहेत असे ती आजतागायत समजते. ते माझे आहेत हे माझ्याखेरीज जिवंत कोणालाही माहीत नाही. पान तिच्या हातात देऊन वकिलांनी सांगावे की त्यात तुमच्या हाताचा काही दोष नव्हता.

कलम सहावे. कलम पाचमध्ये मी 'सहज' लिहिले आहे आणि 'डोक्याला पत्ता नव्हता' असे लिहिले आहे. हे दोन्ही खोटे आहे. शुद्धीवर असल्याची हमी दिलेल्या माणसाने खोटे लिहू नये म्हणून ही दुरुस्ती.

मी अकरा दिवस विचार केला. आधी 'कोपर सैल' लिहायचे ठरवले होते. पण कोपर चालता-बोलता दिसते, त्याची सवय असते. मग मनगट. मनगटाबद्दल तिला कोणीतरी आधी बोललेले होते आणि तिने ते कानाआड केले होते. अंगठा मात्र तिने जन्मात पाहिला नव्हता. तो मागे असतो, आपले काम गुपचूप करतो, आणि त्याला बघायचे तर सगळे थांबवून बघावे लागते. 'पाहा' की 'सांभाळा' यावर दोन दिवस गेले. 'सांभाळा' म्हटले तर माणूस जपतो. 'पाहा' म्हटले की बघतो, आणि बघितले की संपले. गोल काढण्याचा मी घरी सराव केला. चहाच्या कपाची कड लावून नव्हे, हातानेच, पण नीट.

मी आयुष्यभर विचाराने वाजवले आणि कोणाची मान माझ्याकडे वळली नाही. विचाराने केलेली ही एकच गोष्ट अशी झाली की सगळे सभागृह बघत राहिले. वाईट वाटते का, असे वकिलांनी मला विचारले. वाटते. पण त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत गेलो होतो, हेही लिहून ठेवतो.

वकिलांशी झालेले बोलणे इथे घालतो, कारण ते मला पुन्हा पुन्हा तेच सांगतात आणि मला त्याचा कंटाळा आला आहे. ते म्हणाले, "अहो मास्तर, हे मृत्युपत्रात बसत नाही. हा कबुलीजबाब झाला."

"बसवा," मी म्हटले.

"मग आजच का सांगून टाकत नाही? बाई स्वयंपाकघरात आहेत. दार ढकललं की झालं."

"आज सांगितलं तर उद्या ती वाजवायला बसेल."

"मग बसू दे की! त्यासाठीच तर देताय ना?"

"मला ऐकावं लागेल," मी म्हटले.

वकिलांनी पेनचे टोपण लावले. वकील चांगला माणूस आहे, पण त्याला वाटते की मरायला टेकलेला माणूस मऊ होतो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले. पत्नीची बोटे आखडत चालली आहेत. अजून बरी आहेत, पण दर हिवाळ्यात थोडी थोडी जातील, दोन-तीन वर्षांत मुठीत राहतील. डॉक्टरांना वाटले मी हळहळेन. मी मनात म्हटले, मग माझ्या हृदयानेही घाई करू नये. माझा एकेक महिना तिच्या बोटांतून वजा होतो हे मला कळते. शंभरातून सात, त्र्याण्णवातून सात.

आणि एक. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना, तिची डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर चालतात. तिला कळत नाही. काय वाजवते तेही मला ओळखू येते. मी मान वर करून बघतो. मी बघितले की बोटे थांबतात. इतकी वर्षे मी हे चुकवलेले नाही. मी गेल्यावर तिकडे बघणारे कोणी राहणार नाही, तेव्हा तिने खुशाल वाजवावे.

पुरवणी, सोमवार. उद्या सह्या आहेत. मृत्युपत्रात वाद्याचे नीट वर्णन असावे म्हणून आज दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले. तो उद्या साक्षीदारही आहे. म्हातारा एका कानाने बहिरा आहे, पण वाद्याला हात लावला की त्याला सगळे कळते. पत्नी बाजारात गेली होती. मी कपाट उघडले, पेटी काढून दिली. त्याने झाकण उघडले, तारांवरून नख फिरवले आणि म्हणाला, "वर्णन काय लिहायचं? उत्तम स्थितीत. रोज हातात असलं की वाद्य असंच राहतं."

मी म्हटले, "रोज? हे अडतीस वर्षं कपाटात आहे."

तो हसला. म्हणाला, "मास्तर, थट्टा करता का? तारा टेकतात त्या घोडीखाली ही गजाची राळ बघा, पांढरी, ताजी. तारा मी गेल्या महिन्यात दिल्यात. वहिनी दर चार महिन्यांनी दुकानात आणतात की. तीसेक वर्षं झाली असतील." मग माझ्याकडे बघून त्याचे हसू गेले. "तुम्हाला ठाऊक नाही?"

मी किल्लीचा जुडगा त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "कपाटाला दोन किल्ल्या मिळतात हो. सगळ्याच कपाटांना."

मी रोज चार ते सात बाहेर शिकवायला जात होतो. निवृत्त झाल्यावर चार ते सात वाचनालयात जाऊन बसतो. घड्याळ लावून घ्यावे इतका नियमाने. तीन तास, अडतीस वर्षे.

मी विचारले, "कशी वाजवते?"

"दुकानात तारा चढवून दिल्या की एकदा वाजवून बघतात. तेवढा वेळ मी हातातलं काम खाली ठेवतो."

"ती वरची उडी घेते?"

"घेतात ना."

"अंगठा कुठे असतो तेव्हा?"

"अंगठा?" तो म्हणाला. "अंगठा कोण बघतंय, मास्तर!"

तो गेल्यावर मी तासभर विचार केला आणि पुढीलप्रमाणे ठरवले. कलम पाचने दिलेले व्हायोलिन मी परत घेतो. ते माझ्या विद्यार्थ्याला, होयबाला द्यावे. त्याने ते त्याच्याच घरी ठेवावे, कोणाला हाताळू देऊ नये, विकू नये, माझ्या पत्नीला तर दाखवूही नये. तो 'का' विचारणार नाही. लाल फडक्यातले पान न उघडता जाळावे. कलमे पाच आणि सहा पत्नीसमोर वाचू नयेत. दुसऱ्या किल्लीची आता गरज उरणार नाही. जे मी द्यायचे होते ते तिने आधीच घेतले असेल, तर माझ्याकडून तिला काही मिळण्याचे कारण नाही. वकिलांनी मला फोनवर एक रात्र जाऊ द्या, मग ठरवा असे सांगितले. मी ठरवले आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, रागाच्या भरातही नव्हे, पूर्ण विचारांती. याखाली माझी सही.

लिहून देणार:

*

वकिलाचे टिपण. वरील जागा रिकामी का आहे याचा खुलासा करणे माझे काम आहे, म्हणून हे जोडतो.

मंगळवारी दुपारी चार वाजता पक्षकाराच्या बाहेरच्या खोलीत डॉक्टर, दुरुस्तीवाले आणि मी असे तिघे हजर होतो. पक्षकार ताठ बसले होते. पाने क्रमाने लावलेली होती. त्यांनी पेन उचलले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहाचे कप न्यायला आल्या. मृत्युपत्रातला एक शब्दही त्यांना मी सांगितलेला नव्हता, आणि दुरुस्तीवाल्यांनीही नाही, तसे त्यांनी मला शपथेवर सांगितले आहे. बाईंनी कप गोळा केले, खुर्चीच्या मागे थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, अंगठा पाहा."

पक्षकारांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

पेनवर तो कसा बसला आहे ते त्यांनी बघितले, जरा सरकवला, पुन्हा बघितले. मग सही केली. ती त्यांची सही नव्हती. पहिले अक्षर तेवढे होते, पुढे रेघ घसरली होती. ते म्हणाले, "दुसरं पान द्या." दुसरी त्याहून वाईट आली. दोन्ही त्यांनी स्वतःच खोडल्या. तिसऱ्यांदा पेन कागदावर टेकले आणि हललेच नाही. बाई कप घेऊन आत गेल्या होत्या. नळाचा आवाज येत होता.

मी म्हटले, हरकत नाही, कायद्याने डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, शाईची गादी माझ्या बॅगेत आहे. पक्षकार ओरडले, "मी काय अंगठेबहाद्दर आहे? पन्नास वर्षं सही करतोय मी!" डॉक्टरांनी त्यांना पाणी दिले. ते म्हणाले, "मला उद्यापर्यंत वेळ द्या. यात काही अवघड नाही. मी बसवून घेतो."

त्यांनी ती चार दिवस बसवली. सकाळपासून टेबलावर, मेट्रोनोम बंद म्हणून तोंडाने ठोके देत. अंगठा असा, तर्जनी तशी, वेलांटीला मनगट किती. मी रोज जाऊन येत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "आधी मी कशी करत होतो हो? तुम्ही पाहिलंय ना?" मी म्हटले, मी तुमच्या हाताकडे कधी पाहिलं नाही. शनिवारी सकाळी ते टेबलावरच गेले. सतरा कागद दोन्ही बाजूंनी भरलेले होते. बँकेतल्या नमुन्याशी त्यातली एकही सही जुळत नाही.

सही नाही म्हणून हे मृत्युपत्र नाही. घर, व्हायोलिन आणि बाकी सर्व पत्नीकडे आणि मुलाकडे जाते. मुलगा काल आला. मेट्रोनोम त्याने घेतला नाही.

लाल फडके मी बाईंसमोर ठेवले. त्यांनी ते सोडले, पान बाहेर काढले, सातव्या ओळीवर बोट ठेवले. मी विचारले, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"लग्नानंतर सहा वर्षांनी," त्या म्हणाल्या. "पानं आवरत होते. संचालक सूचना द्यायचे ती ह्यांना वाजवता वाजवता लिहायला लागायची, घाईत. त्यामुळे ह्यांचे सगळे गोल वाकडे. कुठे टोक जुळलेलंच नाही. हा एकच बघा कसा आहे."

मी पाहिला. तो अगदी गोल होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "आणि हे चारला बाहेर जायचे. तीन तास पुरत होते मला. बोलले असते तर हे घरीच बसले असते."

मी म्हटले, आणि मंगळवारी?

"मंगळवारी तुमच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी जाणार आहे माझं," त्या म्हणाल्या. "दुसरं काही सुचलं नाही."

हे टिपण मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहितो आहे. सकाळचे अकरा वाजले आहेत. आतल्या खोलीत व्हायोलिन चालू आहे आणि खोलीचे दार उघडे आहे. दुरुस्तीवाले त्यांचा चांगला कान दाराकडे करून बसले आहेत. त्यांना मी दोनदा सही करायला सांगितले, ते थांबा म्हणाले.

ठिकाण: पक्षकाराचे राहते घर, बाहेरची खोली.
दिनांक: पक्षकाराच्या निधनानंतरचा दहावा दिवस.

वरील मंगळवारी आमच्यासमोर सही झाली नाही याचे साक्षीदार:

१. डॉक्टर (सही)
२. व्हायोलिन दुरुस्तीवाले (सही, वादन संपल्यावर केली)

टिपण लिहिणार: वकील (सही)